उधळ्या पुत्राचा बाप

वसईकडे फिरंग्यांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. बस्त्याव चिताऱ्याने गावच्या चर्चच्या भिंतीवर उधळ्या पुत्राचं चित्र काढलं. वाटणी उडवून कंगाल झालेला मुलगा घरी परततो आणि बाप धावत जाऊन त्याला पोटाशी धरतो, ही प्रभू येशूने सांगितलेली गोष्ट. पण बस्त्यावच्या चित्रातला बाप केळीच्या वाडीतला रहाट सोडून, चिखलाच्या पायांनी धावत होता.

गोव्याहून तपासणीला पाद्री आला. शेजारच्या गावात त्याने एका मूर्तिकाराचा हात तोडायला लावला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"हे असं कधी घडलं?" त्याने विचारलं.

बस्त्याव म्हणाला, "घडलं नाही, बाबा. मी मनाने रचलं."

"देवाच्या घरात रचलेलं खोटं? हात पुढे कर."

शिपायाने कोयता काढला. बस्त्यावची बायको खांबापाशी बसली होती.

बस्त्यावने हात पुढे केला. "माझ्यामागे कुणी तरी हे चित्र खरं काढावं. त्या बापाचं खरं नाव काय, गाव कोणतं, तेवढं सांगा."

"मूर्खा, असा बाप नव्हताच. लोकांना कळावं म्हणून प्रभूने तो स्वतः रचला."

बस्त्यावने वेदीवरच्या क्रुसाकडे पाहिलं. "मग माझ्याआधी रचणारा तो, बाबा. आणि त्याच्या हातांत खिळे आधीच ठोकलेत."

पाद्रीने क्रुसाकडे पाहिलं. मग शिपायाला कोयता आत ठेवायची खूण करून निघून गेला.

बस्त्यावचा हात मात्र तसाच पुढे होता. शेवटी बायकोने उठून तो खाली घेतला.