आधीच उघडलेले टॅब

मनाशी एखादी गोष्ट ठरवलीत, की ती कधीपासून लागू होते?

मंदाकिनीला वाटायचं, त्याच क्षणापासून.

नदीकाठच्या त्या मठात कॉम्प्युटर तिच्याच हाती होता. संध्याकाळ उतरत होती. खिडकीतून सावरीचा कापूस तरंगत आत येत होता, कुठे टेकावं हेच विसरल्यासारखा.

"माय, कुकीज बंद केल्या," ती ऐटीत म्हणाली. "आपण कोण, मागे काय काय पाहिलं, ह्याच्या खुणा आता कुठलीच साइट ठेवणार नाही."

मठाच्या वृद्ध गुरू अक्कामाय डोळे मिटून बसल्या होत्या.

"छान. आणि आधीच उघडलेले टॅब?"

"ते... अजून जुन्याच सेटिंगवर चालतात. पुन्हा लोड केल्याशिवाय त्यांना नवं काही कळत नाही."

"बिचारे," माय हसल्या. "आणि तुझं काय?"

"माझं? मी तर कालच ठरवलं. कुणाबद्दल मनात काही ठेवायचं नाही."

"उद्या शरयू येतेय ना?"

मंदाकिनीचा हात माऊसवरच थांबला.

शरयू तिची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मंदाकिनी वाटेत होती, आणि शरयूने तिच्यासाठी न थांबता आईला अग्नी दिला होता. तेव्हापासून दोघी बोलल्या नव्हत्या. 'ह्या वेळीही बोलली नाहीस, तर पुन्हा येणार नाही,' असं शरयूने कळवलं होतं.

"तिचं वेगळं आहे, माय. तिला मी पुरती ओळखते."

"हं..."

नदीवरचा उजेड हळूहळू पाण्यात विरघळत गेला.

"बोलेन मी तिच्याशी. पण ती काय म्हणणार, ते मला आत्ताच ठाऊक आहे."

मंदाकिनी उठली.

"येते, माय."

"नको."

"अं?"

"आधी जा."

"असं काय बोलता! निघताना 'जाते' कुणी म्हणतं का? अशुभ असतं ते..."

मायनी हात हलवून तिला दाराबाहेर घालवलं, अगदी अंगणातली चिमणी उडवावी तसं.

"गेल्याशिवाय येशील कशी, पोरी?"

मंदाकिनी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. कापूस तिच्या केसांवरून, खांद्यांवरून वाहत राहिला...

"जाते," शेवटी ती पुटपुटली. आवाज आपलाच आहे, हे तिला जरा उशिराच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयू आली, आणि मंदाकिनीने तिला विचारलं, चहात साखर किती घेतेस.