सगुणीची वाट

मुंग्यांनाही देवदर्शनाची ओढ होती तेव्हाची ही गोष्ट. एकदा वारुळातून देवीच्या गाभाऱ्याकडे रांग निघाली. पुढे म्हातारी भागाआत्या, आणि तिने जमिनीवर सोडलेला वास हुंगत बाकीच्या मागोमाग.

सगुणी मुंगीला हे काही रुचेना. "दुसरीच्या वासावर चालून का देवी भेटते? माझी वाट मीच शोधीन," म्हणत तिने रांग सोडली आणि ऐटीत देवळापुढच्या दीपमाळेकडे वळली. दगडी चौथऱ्याला वळसा घालून येते तो काय, जमिनीवर ताजा वास! कुणीतरी नुकतंच इथून गेलं होतं, आणि तेही न अडखळता. सगुणीला धन्य वाटलं. ती त्या वासामागे निघाली. फेरीगणिक वास दाट होत गेला आणि तिची श्रद्धाही.

दर्शन घेऊन, साखरेचा कण घेऊन भागाआत्या परतली, तरी सगुणी फिरतच होती. आत्याने कण खाली ठेवला. "अगं, कुणाच्या मागे निघालीस?"

"थांबवू नका, आत्या. पुढे कुणीतरी मोठी जाणती गेलीय."

आत्याने जमीन हुंगली. "अगं बये, हा तर तुझाच वास!"

सगुणी क्षणभर थबकली.

"तरीच!" ती म्हणाली. "तरीच इतका विश्वास बसला." आणि पुन्हा चालू लागली.