प्रॉम्प्टरचा ठग

तालमीला सुट्टी असली की नाट्यमंडळाचे दिग्दर्शक विद्याधर सोवनी मंडळींना फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाला बसवत. प्रत्येकाने एक पात्र रचायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, आणि ते पटलं की नाही हे सर ठरवणार. खेळातही दिग्दर्शक तेच!

त्या दिवशी यामिनीने एक गोडबोल्या ठग रचला. यामिनी मंडळाची प्रॉम्प्टर. आली होती नायिका व्हायला. विंगेत बसून दुसऱ्यांना वाक्यं पुरवता पुरवता केस पिकायला लागले.

“बोलव तुझ्या ठगाला,” सर म्हणाले. “बघू कोण फसतंय!”

यामिनीने आवाज मऊ केला. “बाळ, तुझ्या डोळ्यांत मला नायिका दिसते. एवढं नाटक सांभाळून घे, पुढचं तुझ्याचसाठी लिहितोय. आणि कुणाला बोलू नकोस हं, बाकीच्या जळतील.”

सर खो खो हसले. “छे! असल्या थापांना शेंबडं पोरसुद्धा भुलणार नाही. ठग नापास!”

टेबलाभोवतीच्या मुली मात्र हसल्या नाहीत. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. हे गुपित फक्त आपल्यालाच सांगितलंय, असं प्रत्येकीला आजवर वाटत होतं.

“आम्ही सगळ्याच भुललो, सर,” यामिनी म्हणाली.

सरांचा चेहरा उतरला. “कुठून आणलंस हे?”

“तुमचीच वाक्यं आहेत. तुम्ही विसरलात, म्हणून मी आठवण करून दिली. इतकी वर्षं तुम्ही मला एवढंच तर काम दिलंत.”