केवडाबाईची हजेरी

घुंगरांच्या आवाजावरून माणूस ओळखता येतं का, सांगा बरं? तुम्ही म्हणाल, घुंगरू ते घुंगरू, त्यात काय ओळखायचं? कासारखिंडीत असं म्हणालात, तर तिथल्या म्हाताऱ्या बायका नुसत्या हसतील. मग तुम्हाला जवळ बसवतील आणि केवडाबाईची गोष्ट सांगतील.

फार वर्षांपूर्वी, खिंडीतून पक्का रस्ताही गेला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. चैत्रात भैरोबाची जत्रा भरायची. पालखी फिरून आली, ऊन वर चढलं, की देवळापुढच्या मोकळ्या जागेत तमाशाच्या फडांची हजेरी व्हायची. हजेरी म्हणजे देवापुढं नाचणं. त्याला ना मांडव, ना पडदा. भर उन्हात मातीवर नाचायचं आणि देवाला सांगायचं की आम्ही आलो. ज्या वर्षी हजेरी चुकेल त्या वर्षी भैरोबा गाव सोडून जाईल, असं लोक मानायचे.

केवडा पहिल्यांदा आली ती आईच्या फडाबरोबर, बैलगाडीत बसून. अंग इतकं लहान की नऊवारी तिच्याभोवती गुंडाळता गुंडाळता आई दमून गेली. त्या वर्षी गवळणीत ती राधेच्या मागे उभी राहिली. पुढे ती स्वतः राधा झाली. वगात राणी झाली, नंतर राजाची आई झाली. केस पिकले तेव्हा तिनं गवळणीतली मावशी मागून घेतली. मावशीचं काम पुरुषानं करायचं असतं, पण केवडाबाईची मावशी बघून लोक पोट धरून हसायचे. ती नाचायला लागली की शिखरावरची कबुतरं पंख मिटून बसायची आणि गोठ्यातल्या गाई रवंथ विसरायच्या, असं म्हणतात.

ती ऐन भरात असताना एकदा घाटात गाडी उलटली. चाक तिच्या डाव्या घोट्यावरून गेलं. बघायला आलेला वैदू म्हणाला, ही चालेल, पण नाचायची नाही. वर्षभर केवडा नदीच्या वाळूत उभी राहून त्या पायाला टेकायला शिकवत राहिली, आणि चैत्रात हजेरीला आली. तेव्हापासून तिचा डावा पाय किंचित उशिरा टेकायचा. सगळी घुंगरं वाजून गेली की मागून एकच घुंगरू वाजायचं. समोर बसलेल्या पुरुषांना ते कधी कळलं नाही. ते तिच्या डोळ्यांकडे आणि हातांकडे बघत असायचे.

गावातल्या बायकांनी मात्र तिला कधी पाहिलं नव्हतं. बायकांनी तमाशा बघायचा नाही, अशी रीत होती. हजेरी सुरू झाली की बायका दारं लोटून घेत, आत बसून डाळ निवडत, वाकळा शिवत. कान तेवढे दाराशी असत.

मग एक वर्ष असं आलं की गावात उंदीर मरून पडू लागले, आणि मागोमाग माणसं. गाठीचा रोग आला होता. लोकांनी गाव मोकळं केलं. वेशीवर बाभळीच्या काट्या लावल्या आणि ओढ्यापलीकडच्या माळावर झोपड्या घातल्या. थंडीबरोबर रोगही सरला, तरी परत जायला कुणी धजेना. शेवटी दौलू पाटलानं सगळ्यांना जमवलं.

"औंदा हजेरी व्हायची न्हाई," तो म्हणाला. "म्हंजी देव बी ऱ्हायचा न्हाई. जत्रंचा दिस गेला की घरांची लाकडं काढायची आन् हितंच नवं गाव बसवायचं."

पुरुषांनी माना डोलावल्या. बायकांच्या डोळ्यांपुढं आपापला उंबरा आला. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

हजेरीच्या दिवशी केवडाबाई माळाच्या वाटेनं न येता खिंडीकडून आली. तिला गावाची खबर नव्हती. फड केव्हाच मोडला होता, बरोबर फक्त सटवाजी ढोलकीवाला होता. वेशीतल्या काट्या बघून त्यानं ढोलकी खाली ठेवली.

"बाई, गाव पळालंय. चला माघारी."

"देव पळालाय का?"

"देवाला पाय न्हाईत, म्हणून ऱ्हायलाय त्यो. मला हाईत."

केवडाबाई हसली. "मग बस हितंच. देव एकटा हाय, मी बी एकटीच जाते."

तिनं काट्या बाजूला सारल्या. मोकळ्या गल्लीतून चालत ती देवळापुढं आली. पायांत घुंगरं बांधली, त्यांना हात लावून तो कपाळी नेला, आणि ढोलकीवाचून नाचायला लागली. गळा कधीच बसला होता. आवाज होता तो फक्त घुंगरांचा.

त्या दिवशी वाऱ्यानं आपली दिशा बदलली आणि तो आवाज ओढ्यापलीकडे नेऊन सोडला, असं म्हणतात. झोपड्यांतली माणसं जागच्या जागी थिजली.

"मरीआई नाचतीया," कुणीतरी म्हणालं. "मोकळं गाव बघून आलीया. कुणी हलू नका."

पोरांना आत ओढलं गेलं. पाटलानं गावाकडे तोंड करून हात जोडले. तेवढ्यात गुरवाची कोंडाबाई झोपडीतून बाहेर आली आणि कान देऊन उभी राहिली.

"मरीआई कुठली? केवडा हाय ती," ती म्हणाली.

"तुला काय ठावं?" पाटील म्हणाला. "तू कधी बघितलीस तिला?"

"बघितली न्हाई. ऐकलीया. समदी घुंगरं वाजली की मागनं एक वाजतंय, ते ऐका की."

दुसऱ्या झोपड्यांतूनही बायका बाहेर आल्या. एकेकीनं कान दिला आणि मान हलवली. पाटलाला काही केल्या ते मागचं घुंगरू ऐकू येईना.

"आमी इतकी वर्सं म्होरं बसलो, आमाला कसं न्हाई कळलं?"

"तुमी बघत हुतासा, दाजी," कोंडाबाई म्हणाली. "हजेरी सुरू झालीया. देव गावातच हाय. आमी निघालो. तुमी बसा लाकडं मोजत."

बायका ओढा उतरून गेल्या. वेशीतून आत शिरल्या आणि देवळापुढं येऊन थांबल्या. ऊन रखरखत होतं. पांढऱ्या केसांची, काटकुळी, रंग न लावलेली एक म्हातारी मातीत नाचत होती.

"अगं बया," कोंडाबाई म्हणाली, "एवढीशीच हायेस व्हय गं तू? मला वाटायचं, दारात मावायची न्हाईस."

केवडाबाई थांबली नाही. नाचता नाचता म्हणाली, "लई उशीर केलासा, बायांनो. बसा आता म्होरं."

मग तिनं बायकांसाठी गवळण पहिल्यापासून केली. राधा तीच, मावशी तीच. हळूहळू पुरुषही आले आणि मागे, जिथं जागा मिळाली तिथं, उभे राहिले. ती नाचली त्या मातीत आजही गवत उगवत नाही, असं म्हणतात.

केवडाबाई पुढं कुठं गेली, कुठं तिची माती झाली, ते कासारखिंडीत कुणाला ठाऊक नाही. पण चैत्रातली हजेरी आजही होते. त्या दिवशी बायका पुढे बसतात आणि पुरुष मागे उभे राहतात. पहिली गवळण केवडाबाईच्या नावाची असते. तेव्हा ढोलकी वाजत नाही. गवळण संपेपर्यंत गावातला प्रत्येक पुरुष डोळे मिटून नुसता ऐकतो. पाटलाच्या घरचाही.

आणि त्या वर्षीचं म्हणाल, तर त्या संध्याकाळी बायका ओढ्यापलीकडे परत गेल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कासारखिंडीत घरोघरी चुली पेटल्या.