पुरा पन्हा

आज गावात जे सगळ्यांत म्हातारे आहेत, त्यांच्या पणज्या पाळण्यात होत्या तेव्हाची ही गोष्ट. धोटेवाडी हे कोष्ट्यांचं गाव. घरोघरी माग आणि मागावर नऊवारी लुगडी. तिथे रेणाक्का नावाची विणकरीण राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, पण जीभ अशी की अख्खा गाव तिला वचकून असे. लुगडं विणायला पोरं तिच्याकडेच शिकत. तिचा हात इतका लांब होता की मागावर बसल्या बसल्या ती चुलीवरची भाकरी उलटायची, असं म्हणतात.

मग ओळीनं तीन वर्षं पाऊस फिरकला नाही. सूत मिळेना, लुगडी कुणी घेईना. व्यापारी म्हणाले, "पंचे विणा, पंचे तेवढे खपतील." पंच्याला अरुंद फणी लागते. फणी म्हणजे मागावरचा कळकाचा कंगवा; ती जेवढी रुंद, तेवढा कापडाचा पन्हा. पोरांनी आपापल्या रुंद फण्या करवतीने कापायला घेतल्या.

रेणाक्का दारोदार फिरली. "सूत कमी हाय तर लांबी कमी करा! चार बोटं इणा, पण पन्हा पुरा धरा!"

"अक्का, चार बोटांचं लुगडं कोण नेसणार?" पोरं हसली. पोटात कावळे कोकलत असताना कोण ऐकतंय! पहिली फणी कापली ती शिदूने, तिच्या सगळ्यांत हुशार शिष्याने. त्या दिवशी रेणाक्का जेवली नाही. दुष्काळ आज ना उद्या सरेल, पण लुगडं विणणारा हात गावातून गेला तर तो परत कुठून आणायचा, ही तिला धास्ती.

वर्षभराने शिदू सहज म्हणून तिच्या पुऱ्या पन्ह्याच्या मागावर बसला. आडवं सूत नेणारा धोटा फेकला. तो निम्म्यात थांबला. पुन्हा फेकला, पुन्हा निम्म्यातच. वीस वर्षांचा गडी हमसून हमसून रडला. "अक्का, माझा हात आखडला!"

एरवी तिने चार शिव्या हासडल्या असत्या. आज तिने त्याच्या दंडाला तेल चोळलं. "सूत आखडलंय लेकरा. दिवस आखडल्यात. आपण हात आखडायचा न्हाई. उद्या समद्यांना घिऊन ये."

दुसऱ्या दिवशी चाळीस पोरंपोरी आली. पुऱ्या पन्ह्याची फणी आता एकच उरली होती, तिची. घरातलं होतं नव्हतं ते सूत काढून तिने उभ्या सुताचा ताणा लावला, जेमतेम दोन हात लांब. आडवं सूत ज्याचं त्याने आणायचं. कुणी आज्याचा पटका उसवला, कुणी आईचा पदर. पंचे विणून झाले की रोज एकाची पाळी, रोज चार बोटं. अट एवढीच की येते ती नक्षी काढायची नाही, काढावीशी वाटते ती काढायची. शिदूने मोर काढला. त्याचं बदक झालं.

"पुढच्या पाळीला मोर हुईल," अक्का म्हणाली आणि ते बदक तिने उसवू दिलं नाही.

दोन हातांचा ताणा बारा दिवसांत संपायला हवा होता. तो संपेचना. रोज चार बोटं कापड रुळावर गुंडाळलं जाई आणि समोर ताणा असे तेवढाच. कुणी मापायला गेलं की अक्का त्याच्या बोटांवर धोटा हाणायची. "मापू नगंस, इण!"

चौथ्या वर्षी पाऊसपाणी सुधारलं, गावात सूत आलं. तेव्हा त्यांनी ते कापड उलगडलं. ते वेशीपासून थेट नदीपर्यंत गेलं, असं म्हणतात. एका टोकाला बदक होतं, दुसऱ्या टोकाला मोर, आणि तो मोर ओरडलेला सगळ्यांनी ऐकला. आसपासची गावं पंचेच विणत राहिली. धोटेवाडीत चाळीस मागांवर नव्या रुंद फण्या चढल्या. रेणाक्का त्याच साली गेली.

तिचा माग अजून देवळाशेजारी आहे. दरवर्षी खंडेनवमीला गावातली तरणी पोरं तिथे चार बोटं विणतात. आता विणकर व्हायचं असतं थोड्यांनाच. पण धोटा फेकण्याआधी ज्याने त्याने आपल्या मनात काय करायचंय ते मोठ्याने सांगायचं. "झेपेल का?" असं विचारायला त्या दिवशी बंदी. गावाने फक्त एवढंच विचारायचं, की पन्हा केवढा?

गेल्या साली एक मुलगी उभी राहिली. गिरणी बंद पडल्यापासून तिचा बाप घरीच बसून होता. "मला विमानं बनवायचीत," ती म्हणाली, पण इतकं हळू की पुढच्या रांगेलाही नीट ऐकू गेलं नाही.

"पन्हा केवढा?" सगळा गाव ओरडला. पहिला आवाज तिच्या बापाचा होता.

तिने दोन्ही हात पसरतील तेवढे पसरले. "पुरा!"