कणकेचा वाघ

माझ्या लग्नाला महिना झाला होता. मिरजेत सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, तानपुरे बनवायचं दुकान आणि त्याच्या मागेच आमचं स्वयंपाकघर. एके सकाळी नगराध्यक्ष ढमाले लाकडी खोक्यातून नवीकोरी गिटार घेऊन आले.

"अण्णा, हिच्या पुढच्या फळीवर शिंपल्याचं जडावकाम करा. दोन मोर, कमळाची वेल, एक वाघ आणि मधोमध माझं नाव. ठळक!"

"साहेब, फळी पातळ आहे. एवढं जडवलं तर आवाज बसेल."

"जमत नसेल तर सांगा. संगीत उत्सवाचे सगळे तानपुरे दुसरीकडे देतो!"

वर्षभराचं काम जाणार, म्हणून अण्णांनी गिटार पुढ्यात ओढली. मी कणीक मळत होते, ती परात घेऊनच बाहेर आले.

"साहेब, आधी नमुना बघता का?"

मी कणकेचे मोर, वेल आणि वाघ करून गिटारीवर चिकटवले. मधोमध जाडजूड 'ढमाले' लिहिलं. साहेब फुलून गेले.

"आता वाजवा की," मी सुचवलं.

त्यांनी तार छेडली. भद्द!

"वाघ जड झाला असेल," मी म्हणाले.

त्यांनी वाघ काढला, मोर काढले, वेल सोलली. तरी गिटारीला सर्दीच! उरलं होतं फक्त नाव. अण्णा छताकडे बघत हसू दाबत होते. शेवटी साहेबांनी स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर उपटलं आणि तार अशी गायली की तेच दचकले. मग खो खो हसत सुटले.

"तानपुरे तुमच्याकडेच, अण्णा! पण सूनबाई, माझं नाव?"

"खोक्यावर जडवू की," मी म्हणाले. "त्याला कुठं गायचंय?"