सेरेन्नाची पहिली परात

१४ मे, मंगळवार. सकाळी धुके, अकरानंतर लख्ख ऊन. वारा समुद्राकडून, बेताचा.

सेरेन्ना हे इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरचे सत्तर-ऐंशी घरांचे गाव. डोंगरातून उतरणारा ओढा गावाच्या मधून जाऊन समुद्राला मिळतो. त्याच्या तोंडाशी गावातली एकुलती एक खानावळ आहे. दुपारी तिथल्या भट्टीतून निघणारी पहिली परात परगावच्या माणसापुढे ठेवतात. त्याने पहिला घास घेतल्याशिवाय गावातले कोणी जेवायला बसत नाही.

आम्हाला हे माहीत नव्हते. पत्नी इंदुमती, तिचा धाकटा भाऊ दौलत आणि मी टेबलावर नकाशा पसरून पुढचे आठ दिवस ठरवत होतो. दौलत वीस वर्षे जेनोआच्या बंदरात नोकरीला आहे, तिथली भाषा त्याला मराठीइतकीच येते. मी रोज तीन गावे मांडली होती.

"दाजी, रोज तीन गावं म्हणजे सहल नाही, जनगणना झाली," दौलत म्हणाला. "एका गावात उतरायचं, तिथलं खायचं, समुद्र बघत बसायचं."

"बसायला गडहिंग्लजला कट्टा नव्हता का?" मी म्हणालो.

समोर परात येऊन दहा मिनिटे झाली होती. चण्याच्या पिठाची, तेलात भाजलेली, बोटभर जाड पोळी, कडेला तपकिरी झालेली. तिला इथे फारिनाता म्हणतात. इंदुमती वाकून बघत म्हणाली, "अगं बाई, हे तर आपलं पिठलंच भट्टीत घातलंय." मग तिने मान वर केली. "दौलू, ही माणसं उभी का रे? आपल्याकडंच बघतायत."

भिंतीलगत नऊ जण हाताची घडी घालून उभे होते. दौलतने मालकीणबाईंना विचारले. ओर्सोला नावाच्या या बाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचे उत्तर ऐकून दौलतचे कान लाल झाले.

"अक्का, नकाशा राहू दे. आधी खा. आपल्यामुळं सगळा गाव उपाशी उभा आहे."

इंदुमतीने घास घेतला. खुर्च्या सरकल्या, माणसे बसली. ओर्सोलाबाई आमच्या टेबलाशी येऊन बसल्या आणि त्यांनी ही हकिकत सांगितली. दौलत एकेक वाक्य मराठीत सांगत गेला, तशी मी लिहून घेतली आहे.

चारशे वर्षांपूर्वी ही खानावळ बेनेदेत्ता नावाच्या बाईची होती, असे सांगतात. तिचा नवरा मासेमारीला जाई. एकदा वादळात तो आठ दिवस बेपत्ता होता. तेव्हा ती ओढ्याच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली, "हा परत येऊ दे. समुद्रातून आलेलं माणूस माझ्या भट्टीसमोरून उपाशी जाणार नाही." नवव्या दिवशी नवरा आला. कुठल्याशा परक्या गावाने त्याला खाऊ घालून जगवले होते. पुढे बऱ्याच वर्षांनी तो अंथरुणावर, आपल्या माणसांत वारला. नवस मात्र बेनेदेत्ताकडे राहिला.

मग किनाऱ्यावर रोगाची साथ आली. एके सकाळी गावासमोर एक जहाज नांगर टाकून उभे राहिले. त्यावर चौदा माणसे होती, काही आजारी, सगळी भुकेली. शीड फाटलेले, पुढे जाण्याची ताकद नाही. गावाने सभा घेऊन ठरवले की चाळीस दिवस जहाजावरचे कोणी किनाऱ्यावर उतरायचे नाही. तिकडे गेलेली वस्तू परत घ्यायची नाही, आणि तिकडे गेलेले माणूससुद्धा.

बेनेदेत्ताने सभेत विचारले, "आणि खायला कोण घालणार?"

एक म्हातारा म्हणाला, "नवस तुझा आहे, बाई. आमचा नाही."

ओढ्याचे पाणी समुद्रात शिरते तिथे बाहेरच्या बाजूला ओढ असते. तिथे सोडलेली वस्तू थेट जहाजाकडे जाई, मागे येत नसे. बेनेदेत्ताने पहिल्या दिवशी टोपलीतून पोळी सोडली, ती भिजून बुडाली. दुसऱ्या दिवशी तिने भट्टीतली तांब्याची परातच पाण्यावर ठेवली. ती तरंगत गेली. जहाजावरून दोर टाकून त्यांनी ती ओढून घेतली.

पण फारिनाता तांब्याच्या परातीशिवाय भाजता येत नाही. तिच्याकडे अकरा पराती होत्या, सासूच्या सासूपासून चालत आलेल्या. रोज एक जाऊ लागली. सहावी गेली तेव्हा ती शेजारणीकडे मागायला गेली.

"मला माझ्या परातीत माझी पोरं जेवायला घालायचीत," शेजारीण म्हणाली. "तू खानावळ पाण्यात सोडतेस, सोड."

पुढे ती कोणाच्या दारात गेली नाही म्हणे. बाराव्या दिवशी अकरावी परात गेली. तेराव्या दिवशी भट्टी पेटली, पण तीत ठेवायला काही नव्हते. गाव बघायला जमला. काही हसले. आता नवस संपला, असे काहींनी म्हटले. बेनेदेत्ताने भट्टी विझवली. पिठाची दोन पोती, तेलाचा बुधला आणि मिठाची पिशवी तिने नवऱ्याच्या जुन्या होडीत ठेवली.

तो म्हातारा काठावर आला. "बेनेदेत्ता, गेलीस तर आम्ही तुला उतरू देणार नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पराती तिकडे आहेत."

तिने होडी ओढीत सोडली. त्या दिवसापासून रोज दुपारी जहाजावरून धूर निघताना दिसे. तो दिसला की गावात चुली पेटत, पण जेवायला बसणाऱ्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, असे सांगतात. तिसाव्या दिवशी त्या शेजारणीने आपली परात पोळीसकट पाण्यात सोडली. तिच्यामागून इतरांनी सोडल्या. पस्तिसाव्या दिवशी धूर निघाला नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी चौदांपैकी अकरा माणसे किनाऱ्यावर उतरली. बेनेदेत्ता त्यांत नव्हती. त्यांनी सगळ्या पराती घासून, लख्ख करून आणल्या होत्या. त्या घ्यायला शरमेने कोणी हात पुढे केला नाही. मग गावाने भट्टी पेटवली, त्याच परातींत पोळ्या भाजल्या, आणि ते अकरा जण जेवून उठेपर्यंत सगळा गाव उभा राहिला.

आजही सेरेन्नात दुपारी एकपर्यंत परगावचे माणूस आले नाही, तर पहिली परात पोळीसकट ओढ्याच्या तोंडाशी पाण्यात सोडतात आणि मगच जेवतात. त्या परातीमागे कोणी जात नाही. ओर्सोलाबाई त्यांची नोंद ठेवतात. गेल्या हिवाळ्यात अशा सतरा पराती सोडल्या.